जेवणाला अडीचशे निघतात, विम्याला नाही

प्रश्न : आमचा हौशी ट्रेकिंग ग्रुप आहे, संस्था नोंदणीकृत. सभासद 42, वर्षाची वर्गणी 300 रुपये. यंदा पन्हाळा-पावनखिंड मोहिमेआधी सगळ्यांचा गट अपघात विमा काढायचं ठरलं. माणशी 180, एकूण 7,560 रुपये. म्हणून वर्गणी 500 करू म्हटलं, तर जुने सभासद भडकले : "आम्ही आता डोंगर चढत नाही, आमचा विमा कशाला?" काहींची मागच्या सालची वर्गणीही थकली आहे. काय करू?
– एक खजिनदार, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : खजिनदारसाहेब, असलीच वही मी नऊ वर्षं सांभाळली. तांबड्या-पांढऱ्याला माणशी अडीचशे काढा म्हटलं की रंकाळ्यावर बसल्या बसल्या जमा व्हायचे. वर्गणीचं नाव काढलं की "पुढच्या रविवारी देतो."

पण या वेळी मी जुन्यांच्या बाजूनं. वर्गणी संस्था चालवायला असते : दोर, प्रथमोपचाराची पेटी, हिशेबतपासणी. विमा डोकी मोजून असतो. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या फाडा. 25 जणच चालणार असतील तर 4,500 रुपये होतील, तेही त्यांच्याकडूनच घ्या. मात्र डोकी कमी झाली की दर तोच राहील असं धरू नका, नवं कोटेशन मागवा. आणि पावसाळ्यातली डोंगरातली पायी मोहीम पॉलिसीत धरली आहे का, हे लेखी घ्या. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, आणि एजंट तोंडी सगळ्यालाच 'हो' म्हणतो.

आमचं काय झालं ते सांगतो. विम्याची यादी आम्ही एप्रिलात दिली. जुलैत सहा नवी पोरं आली, त्यांची नावं कुणी कळवलीच नाहीत. मसाई पठार उतरताना त्यातलाच एक तांबड्या चिखलावरून घसरला आणि मनगट मोडलं. यादीत नाव नाही म्हणून दावा नाही. नंतर पॉलिसी नीट वाचली, तर नाव असतं तरी प्लास्टरचा खर्च मिळालाच नसता. साधा अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला असतो, दवाखान्याच्या बिलासाठी जादा हप्ता भरून तसं कलम जोडावं लागतं. शेवटी डबा फिरवून पैसे गोळा केले.

ज्यांना 180 जड जातात, त्यांना निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत घाला. वय 18 ते 70, वर्षाला 20 रुपये, बँक खात्यातून परस्पर कापले जातात. अपघाती मृत्यूला 2 लाख. प्लास्टर इथंही नाही. तिचं वर्ष 1 जूनपासून सुरू होतं, तेव्हा मोहिमेआधी हप्ता कापला गेलाय का, हे पासबुकात बघायला लावा.

थकबाकीदारांचं औषध कायद्यातच आहे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली की मत देता येत नाही. सभेच्या नोटिशीत एवढी एक ओळ घाला. आमच्याकडे निवडणुकीच्या आदल्या रात्री लोक घरी येऊन पैसे देऊन गेले, सुट्टे नकोत म्हणाले.

यादी करताना नाव आणि जन्मतारीख आधार कार्डावरून उतरवा. आमच्या वहीत एकाचं नाव नुसतं 'बंड्या' होतं.