गुरांच्या दवाखान्याकडे निघालेली लेक आणि कर्व्यांचं घर

प्रश्न : आम्ही सांगलीचे. सासरे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, यजमान कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, मी ज्युनिअर कॉलेजला गणित. नणंद पीएचडी करून विद्यापीठात आहे. मुलगी यंदा बारावी झाली. नीटला गुण बरे आहेत, पण सरकारी एमबीबीएसची जागा मिळण्याइतके नाहीत. आयसरची, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थांची, प्रवेशपरीक्षाही चांगली गेली आहे. तिनं आयसरला जावं, नाहीतर बीएस्सी-एमएस्सी करून संशोधनात राहावं, असं आम्हा सगळ्यांना वाटतं. ती म्हणते, मला पशुवैद्यकीयलाच जायचंय, एमबीबीएस मिळालं असतं तरी हेच केलं असतं. सासऱ्यांनी तिच्याशी अबोला धरलाय. ‘विद्वान घराणं म्हणजे काय ते कर्व्यांकडे बघा, पिढ्यान्‌पिढ्या विद्येची गादी चालवली,’ असं ते म्हणतात. घराची परंपरा तुटतेय म्हणून तिला थांबवावं का? – एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तिला थांबवू नका. कारणं पुढे सांगतेच, पण सुरुवात आजोबांनी दिलेल्या उदाहरणापासून करते. कर्व्यांचं घर हे उदाहरण मी स्वतः पालकांना वारंवार देते आणि ते तुमच्या लेकीच्या विरोधात जात नाही. ते तिच्याच बाजूनं उभं राहतं.

अण्णांपासून बघू. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरुडचे. परीक्षेला बसण्यासाठी ते तिथून थेट साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि ‘तू वयानं लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे १८८४ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बीए झाले आणि १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. चांगली, मानाची नोकरी. त्यांना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण ते विधवाविवाहाच्या, मग विधवांच्या शिक्षणाच्या कामात पडले, हिंगण्याला आश्रम उभा केला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. फर्ग्युसनमधून निवृत्त होईपर्यंत गणित शिकवणं चालूच होतं. दिवसभर कॉलेज करून हिंगण्याच्या वाटेला पायी लागायचं, हा त्यांचा क्रम. आज आपण त्यांना गणितज्ञ म्हणून ओळखत नाही. पदवी गणिताची, आयुष्य भलत्याच कामात गेलं.

आता मुलं. थोरले रघुनाथराव १८९९ च्या मॅट्रिकला पहिले आले आणि वडिलांसारखेच गणिताचे प्राध्यापक झाले. गादी चालवणारं कुणी असेल तर ते हेच, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी १९२५ मध्ये सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ साली सुरू केलं आणि १९५३ मध्ये वारले तोवर चालवलं. खटले अंगावर घेतले. त्यांपैकी एकात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. दुसरे शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत मोंबासाला गेले. तिसरे दिनकरराव जर्मनीत जाऊन रसायनशास्त्र शिकले, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. धाकटे भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत राबले. चार मुलांची चार कामं, आणि वडिलांची संस्था सांभाळली ती त्यातल्या एकानं. म्हणजे मुलांच्याच पिढीत गादी वगैरे काही राहिली नव्हती.

दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई यांच्याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे. तुमच्या घरातला पेच त्यांच्या गोष्टीत जसाच्या तसा आहे.

त्या जन्मानं कर्वे नव्हत्या, करमरकर होत्या. वडील ब्रह्मदेशात नोकरीला, जन्म १९०५ चा, तिकडचाच. इरावती नदीवरून नाव ठेवलं. सातव्या वर्षी शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथं वर्गात शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची मुलगी. मैत्री झाली आणि इरावती परांजप्यांच्याच घरी राहू लागली. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, पहिले भारतीय, आणि तेही दापोलीजवळच्या मुर्डीचे, कर्व्यांच्या नात्यातले. त्यांना शिकायला बाहेर काढण्यात अण्णांचाच हात होता. ज्या घरानं एका मुलाला शिकवलं, त्या मुलाच्या घरात एक परकी मुलगी वाढली आणि तीच पुढे सून होऊन पहिल्या घरात आली. आजोबा ज्याला घराणं म्हणतात ते रक्तानं कमी आणि अशा उघड्या दारांनी जास्त बनलेलं आहे.

इरावतीबाई फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या. मग मुंबई विद्यापीठात घुर्ये सरांच्या हाताखाली समाजशास्त्रात एमए. त्यानंतर जर्मनीत, बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला जायचं ठरलं. आणि इथं विरोध कुणी केला? खुद्द अण्णांनी! ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांनाच सुनेनं पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जाणं पटेना. हे मी त्यांना उणं दाखवायला सांगत नाही. इतक्या मोठ्या माणसालाही घरातल्या मुलीचा रस्ता आपल्या नकाशाबाहेर गेला की काळजी वाटते, एवढंच. तुमच्या सासऱ्यांची काळजीही मी त्याच जातीची समजते. दिनकररावांनी मात्र जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं आणि १९२८ मध्ये बायकोला पाठवलं.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. विषय दिला मानवी कवटीच्या असमानतेचा. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा संबंध वंशाशी जोडता येतो, असं मार्गदर्शकांना हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. परदेशात, कर्जावर शिकणारी, विशीतली मुलगी ज्याच्या हातात आपली पदवी आहे त्याच्या मताविरुद्धचा निष्कर्ष कागदावर ठेवते. माझ्या लेखी त्या घराण्याची विद्या ती हीच. परत आल्यावर काही वर्षं महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात. तिथून नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ झाला, महाभारतावरचं ‘युगान्त’ झालं. पंढरीची वारी पायी केली, ती सुद्धा समाज बघायची एक वाट म्हणून.

शकुंतलाबाईंचंही तसंच. १९२९ ला केंब्रिजहून गणित करून आल्या, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम केलं, चित्रपटातही दिसल्या, आणि सगळा जीव लावला तो कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला, रघुनाथरावांच्याच कामाला. पुढे राज्यसभेवर गेल्या. रँग्लरांच्या मुलीनं गणिताचा पेशा धरला नाही, याबद्दल आज कुणी हळहळत नाही.

आणि आता जे तुम्ही सासऱ्यांना आवर्जून सांगावं असं मला वाटतं. इरावती-दिनकर कर्व्यांची थोरली मुलगी जाई लेखिका झाली आणि लग्न करून फलटणला गेली. तिचे यजमान बनबिहारी निंबकर शेतीतले संशोधक. त्यांनी फलटणला १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, पुढे पद्मश्री मिळाली. त्यांच्या मुलींपैकी नंदिनीताईंनी ती संस्था सांभाळली. दुसरी मुलगी, डॉ. चंदा निंबकर, यांचं काम कशात आहे? मेंढ्यांत! आपल्या दख्खनी मेंढीला बहुधा एका वेळी एकच कोकरू होतं. बंगालमधल्या सुंदरबनाकडची गरोळ नावाची लहानखुरी मेंढी मात्र जुळी देते, कारण तिच्यात त्याचं एक जनुक असतं. ते जनुक पैदाशीतून दख्खनी मेंढीत आणायचं, अंगानं ती दख्खनीच ठेवायची, आणि जुळी देणारा कळप धनगराच्या वाड्यावर टिकतो का ते पाहायचं. यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी आली (‘नारी’ हे निंबकरांच्या संस्थेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप). जनुकचाचणीला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ होती, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांची होती. पण शेवटी कुणीतरी वाड्यावर जाऊन मेंढी धरायची, कोकरू तोलायचं, कानात बिल्ला मारायचा आणि वहीत लिहायचं, हे काम होतंच. महर्षी कर्व्यांची पणती ती. आजोबांनी बोट दाखवलं ते घर चौथ्या पिढीत थेट मेंढ्यांच्या वाड्यापर्यंत पोचलेलं आहे, आणि विद्या कुठेही कमी झालेली नाही.

जाईंचे भाऊ आनंद कर्वे जर्मनीत ट्यूबिंगेनला वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट करून आले आणि त्यांच्या ‘आरती’ या संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा आणि खरकट्यावर चालणारा बायोगॅस अशी कामं केली. धाकटी बहीण गौरी देशपांडे इंग्रजीत पीएचडी, आणि मराठीला वेगळंच वळण देणारी कथाकार. विषय दर पिढीत बदलले. एखादा प्रश्न धरला की तो तडीला नेईपर्यंत सोडायचा नाही, आणि गरज पडली तर त्यासाठी पैसे उभे करायचे, हे तेवढं बदललं नाही.

एक गोष्ट मात्र लपवू नये. या घराला सोयी होत्या. इंग्रजी शिक्षण इतरांच्या आधी मिळालं, पुण्यातल्या संस्था हाकेच्या अंतरावर होत्या, जातीनं कुठली दारं बंद केली नाहीत, ओळखीवर कर्ज मिळू शकलं. ज्या घरात पहिलाच मुलगा बारावी होतोय, त्या पालकांना मी कधी ‘कर्व्यांसारखं करा’ म्हणत नाही; तिथं आधी हातात पगार देणारी वाट शोधावी लागते. तुमचं तसं नाही. दोन पगार आहेत, घरात पुस्तकं आहेत, मुलगी पडली-झडली तर सावरायला माणसं आहेत. एवढं असूनही तिनं मळलेल्या वाटेनंच जावं असं म्हणायला मला कारण दिसत नाही.

त्यात ती वाट तरी मळलेली राहिली आहे का? तुम्ही दोघं शिक्षणक्षेत्रातच आहात, माझ्यापेक्षा जास्त जाणता. नेट-सेट, पीएचडी सगळं होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी मुलं तुमच्याच स्टाफरूममध्ये असतील. मूलभूत विज्ञान वाईट नाही, ज्याला त्याचाच ध्यास आहे त्यानं जरूर जावं, आयसर तर उत्तमच. पण ध्यास नसताना केवळ घरच्या समाधानासाठी दहा वर्षं त्यात घालू नयेत.

आता तिच्यासाठी. बीव्हीएस्सी हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. महाराष्ट्रात नागपूरचं माफसू म्हणजे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ इथे त्याची महाविद्यालयं आहेत. मुंबईचं तर १८८६ पासूनचं. शिरवळ तुम्हाला पुण्याच्या रस्त्यावरच आहे, एक दिवस तिला घेऊन जा आणि तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींशी मोकळं बोलू द्या. पदवीनंतर लोकसेवा आयोगातून पशुधन विकास अधिकारी होता येतं, दूध संघ आहेत, कुक्कुटपालन आणि लसनिर्मिती आहे, शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत. आणि तुमच्या मनात असलेली संशोधनाची वाटही इथूनच जाते : एमव्हीएस्सी, मग पीएचडी, पशुप्रजनन आणि अनुवंशशास्त्रात किंवा रोगनिदानात. तिला हवं असेल तर प्राध्यापकही होईल.

पण तिची खात्री तिनं स्वतः करून घ्यावी. प्रवेशाच्या आधी मिळतील तितके दिवस तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बसू दे. डॉक्टरांना विनंती केली तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. अडलेली गाय रात्री बारा वाजता पावसात गोठ्यात सोडवताना बघू दे, खांद्यापर्यंत हात घालून वासरू वळवतात ते बघू दे. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन आणि त्याचा वास, मालकाची रडारड, उधारी, सगळंच. आठ दिवसांनीही ती सकाळी उठून स्वतःहून निघत असेल तर मग विचारण्यासारखं काही उरलं नाही. माघारी फिरली तर आयसर आहेच, त्यात कमीपणा कसला.

सासऱ्यांसाठीही एक सुचवते. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९४ मध्ये छापला आहे. हत्तींच्या दुखण्याखुपण्यावरचा केवढा मोठा संस्कृत ग्रंथ! शालिहोत्राची अश्ववैद्यकाची परंपरा ते जाणत असतीलच. हे नातीला त्यांच्याइतकं चांगलं घरात दुसरं कुणी वाचून दाखवू शकणार नाही. अबोला सोडायला याहून चांगलं निमित्त मला सुचत नाही, आणि पशुवैद्यक विद्वानांच्या घरात शोभत नाही ही शंकाही तिथेच मिटेल.

अर्जांचं मात्र नीट बघा. पशुवैद्यकीयचे प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात, पण राज्याच्या जागांसाठी माफसूकडे वेगळा अर्ज भरावा लागतो आणि अखिल भारतीय १५ टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे वेगळा. एमबीबीएसची नोंदणी केली म्हणजे हे आपोआप झालं, असं समजू नका. दोन्हींच्या तारखा निरनिराळ्या असतात. अधिवासाचा दाखला, आणि लागू असेल तर जातवैधता, हे आत्ताच काढून ठेवा. आयसरच्या फेऱ्यांतही तिचं नाव राहू द्या, तिचा आठवडा दवाखान्यात होईपर्यंत.