एकच लेन्स गळ्यात ठेवायची असेल तर

ताई, तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. बॉडी निकॉन डी५६००, सोबत १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स (हे आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये: लहान आकडा म्हणजे वाइड, जास्त रुंद दृश्य; मोठा म्हणजे टेले, दूरचं जवळ). घरचे कार्यक्रम, सहली, आणि यंदा वारीत दोन दिवस चालायचं आहे. सारखी लेन्स बदलायचा कंटाळा येतो, म्हणून दोन्ही विकून एकच १८-१४० घ्यावी असं तुमच्या मनात आहे. मित्र मात्र म्हणतात, ऑल-इन-वन लेन्स म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

मी अकरा वर्षं १८-२०० वापरतोय. माझं उत्तर: बिनधास्त घ्या. फक्त जुन्या लेन्सचे पैसे आले की त्यातून झूम नसलेली ३५ एमएम एफ/१.८ पण घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो). वजन जेमतेम २०० ग्रॅम, पर्सच्या कोपऱ्यात मावते.

आधी वारीचंच बोलू. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी मी दिवे घाटात होतो. पावसाची भुरभुर, पायाखाली चिखल, मागची दिंडी उभं राहू देत नव्हती. एका वळणावर १८ ला माणसांनी भरलेला घाट घेतला. कॅमेरा खाली करतोय तोच पलीकडच्या कडेला एक आजी दिसल्या. एका हाताने डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरत दुसऱ्या हाताने शेजारणीच्या पदराचा चिखल झटकत होत्या. रिंग फिरवली, १६० च्या आसपास दोन फोटो मिळाले आणि त्या गर्दीत मिसळल्या. त्या पावसात, खांद्याला खांदा लागत असताना बॉडी उघडी करून लेन्स बदलणं मला जमलं नसतं. तो फोटो आज आमच्या दिवाणखान्यात आहे.

तुमचे मित्र म्हणतात त्यात तथ्य आहेच. वाइडपासून टेलेपर्यंत सगळं एकाच नळीत बसवायचं तर काचांची रचना कुठेतरी तडजोड करणारच. १९९२ साली टॅमरॉनची २८-२०० आली तेव्हापासून या जातीच्या लेन्स खूप सुधारल्या, पण तडजोड संपलेली नाही. १८ ला वाड्याचे सरळ खांब बाहेर फुगलेले दिसतात, त्यासाठी डी५६०० च्या मेनूत ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल आहे, ते चालू ठेवा. कडा सॉफ्ट, म्हणजे कमी स्पष्ट वाटल्या तर एफ/८ वर घ्या. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, तिथे डिफ्रॅक्शनने, म्हणजे फार लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. बाकी मोबाइलवर किंवा ए४ प्रिंटवर हा फरक घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही.

खरी अडचण उजेडाची आहे, आणि त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. झूम करत गेलात की लेन्स एफ/५.६ वर येऊन थांबते. एफ/१.८ च्या तुलनेत हा उजेड जवळजवळ एक दशांश. म्हणजे संध्याकाळी हॉलमध्ये भाचीचा वाढदिवस आहे, ती केकभोवती पळतेय, आणि जिथे ५.६ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० लागतो तिथे १.८ ला ६४० मध्ये भागतं. व्हीआर (हाताचं कंपन कमी करणारी सोय) आहे ना, असं विक्रेता सांगेल. व्हीआर तुमचा हात स्थिर करतं, भाचीला नाही. तिच्यासाठी शटर १/२५० सेकंद तरी हवा. वारीतल्या चालत्या माणसांनाही तेच लागू, म्हणून ऑटो आयएसओ लावून किमान शटर १/२५० ठेवून द्या. आणि घरात बॉडीवरचा फ्लॅश उघडलात तर हूड (लेन्सच्या टोकावरचं ऊन अडवणारं कडं) काढा, नाहीतर १८ ला लेन्सची अर्धगोल सावली फोटोच्या तळाशी येते.

अशा लेन्सने चेहऱ्यामागचं धूसर होत नाही, ही नेहमीची तक्रार मात्र मला पटत नाही. १४० ला एफ/५.६ म्हणजे भिंगाचं छिद्र २५ मिलिमीटर. ३५ ला एफ/१.८ म्हणजे साधारण १९. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवून मागे सरका, १४० वर या, आणि मागचं झाड दूर असू द्या. ३५ पेक्षा जास्त धूसर येईल. जवळ जाऊन १८ ला चेहरा घेतला की नाक मोठं दिसतं, तेही टळतं.

एक सवय लावा: जागा आधी ठरवा, झूम नंतर. आपण उभे असतो तिथूनच रिंग फिरवत बसतो आणि सगळे फोटो एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून येतात. मी दोन वर्षांचे फोटो फोकल लेंथप्रमाणे लावून पाहिले, तर बहुतेक १८ ते ३५ मध्ये आणि उरलेले थेट २०० वर. मधलं जवळपास रिकामं. मग मुद्दाम महिनाभर ५० ते ८५ मध्ये काम केलं आणि माणसांचे फोटो बरेच सुधारले.

पावसाळ्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळा. झूम बाहेर आलेला असताना आतली नळी ओली झाली, तर ती कोरड्या सुती कापडाने पुसल्याशिवाय झूम आत घेऊ नका. पाणी नळीबरोबर आत जातं. घरी आलं की झूम पूर्ण बाहेर काढून लेन्स पंख्याखाली ठेवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. लेदरच्या केसमध्ये तर मुळीच नको. माझ्या पहिल्या लेन्सला बुरशी लागली ती तशीच. चालताना लेन्स वजनाने आपोआप खाली घसरायला लागली तर झूम रिंग आणि नळी या दोन्हींवर निम्मं-निम्मं बसेल असं रुंद रबरबँड चढवा.

७०-३०० पक्ष्यांसाठी वापरत असाल तरच ठेवा. आणि १८-१४० सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून समोरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं (ती बुरशी) तर परत द्या. रिंग १८ पासून १४० पर्यंत सावकाश फिरवा, मध्ये वाळूसारखी करकर लागता कामा नये. १४० ला पुढचा भाग बोटांनी हलवून पाहा, किंचित हलला तर चालेल, खडखडला तर नको.