अ‍ॅनेथॉल म्हणजे ज्येष्ठमधाचा अर्क? नाही हो!

प्रश्न असा आलाय की टूथपेस्टच्या किंवा कफ सिरपच्या लेबलवर 'अ‍ॅनेथॉल' लिहिलेलं असतं त्याला मराठीत 'ज्येष्ठमधाचा अर्क' म्हटलं तर चालेल का. अजिबात चालणार नाही! हल्ली जिकडे तिकडे हेच ऐकू येतं आणि डोकं फिरतं. ज्येष्ठमधाची गोडी त्यातल्या ग्लिसिरायझिन नावाच्या द्रव्याची, अ‍ॅनेथॉल हे बडीशेप, अनीस (बडीशेपेसारख्याच वासाच्या बिया) आणि चक्रीफुलाच्या तेलातलं मुख्य द्रव्य. घोळ इंग्रजीतून आलाय, तिकडे लिकरिसच्या, म्हणजे ज्येष्ठमधाच्या, गोळ्यांना बऱ्याचदा अनीसच्या तेलाचाच वास देतात, मग तो वास म्हणजेच लिकरिस असं नाकात बसलं आणि आपल्या भाषांतरवाल्यांनी डोळे मिटून उचललं.

खरी गंमत नावात आहे. अ‍ॅनेथॉल आलं लॅटिन 'अनेथुम'वरून, ते ग्रीक 'अनेथोन'वरून, आणि अनेथोन म्हणजे चक्क शेपू! ज्याच्या बियांचा वास मुख्यतः कार्व्होन या वेगळ्याच द्रव्याचा असतो तो. ग्रीकांकडे अनेथोन आणि अनिसोन ही जवळजवळ जुळी नावं, त्यामुळे शेपू कुठला नि अनीस कुठलं याची सरमिसळ, ती इतकी चिवट की १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलात मॅथ्यू २३:२३ मधे 'अनीस' छापलंय, मूळ ग्रीकमधे मात्र अनेथोन. पुढच्या भाषांतरांनी ते 'डिल', म्हणजे शेपू, केलं.

आणि आपण तरी काय वेगळं केलं? बडी-शेप, म्हणजे मोठी शेप! शेपूच्या बिया त्या बाळंतशेप. माझ्या मते 'शेप' हे संस्कृत 'शतपुष्पा' झिजून झालंय, छत्रीसारखा तो फुलोरा बघा म्हणजे पटेल.

राहता राहिला ज्येष्ठमध. 'ज्येष्ठ म्हणजे श्रेष्ठ, म्हणून श्रेष्ठ मध' असं छातीठोक सांगणाऱ्या विद्वानांना साष्टांग नमस्कार, पण मूळ शब्द 'यष्टिमधु', म्हणजे गोड काठी. यात्रेची जत्रा होते, मुष्टीची मूठ होते, तसं यष्टीचं जेठी, आणि मग कुणा पंडिताला 'जेठ' गावंढळ वाटलं म्हणून त्याने त्याला 'ज्येष्ठ' करून टाकलं. हिंदीतली मुलेठीही तीच, फक्त उलटी, मधुयष्टि.

हां, तुमचा प्रश्न. अ‍ॅनेथॉलला अ‍ॅनेथॉलच म्हणा, फारच मराठी हवं असेल तर 'बडीशेपेच्या तेलातलं सुगंधी द्रव्य' म्हणा. साखरेच्या साधारण १३ पट गोड असतं म्हणून कडू औषधांत घालतात, आणि अल्कोहोलात विरघळतं पण पाण्यात जवळजवळ नाहीच, म्हणून अनीसच्या दारूत पाणी ओतलं की ती दुधाळ होते.