समीकरण सोडवता येतं पण मांडता येत नाही, तेव्हा कुठून सुरुवात करावी

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला तुम्ही सहावी ते आठवीच्या मुलांची शिकवणी घेता. मुलं ३क्ष + ५ = २० असलं उदाहरण झटकन सोडवतात, पण तीच गोष्ट शाब्दिक उदाहरणात आली की "टीचर, मिळवायचं का वजा करायचं?" म्हणून तुमच्या तोंडाकडं बघत बसतात. बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू बोलतात, तर हे भाषेमुळं होतंय का, असंही तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरातच शाळेत गणित शिकवत आलोय आणि माझ्या वर्गातली मुलंही तुमच्यासारखीच. कुणाचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर, कुणाची आई विड्या वळणारी, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. भाषेचा अडथळा आहे, नाही म्हणत नाही. पण मूळ दुखणं वेगळं आहे. आपण आधी समीकरण सोडवायला शिकवतो आणि ते मांडायचं काम धड्याच्या शेवटच्या दोन उदाहरणांवर ढकलतो. हे उलटं करा. सुरुवातीचे काही तास समीकरण सोडवायचंच नाही, नुसतं लिहायचं आणि वाचायचं. सहावीत 'समीकरणे' आणि आठवीत 'एकचल समीकरणे' हे धडे आहेत, म्हणजे मध्ये भरपूर वेळ आहे. घाई करायचं काहीच कारण नाही.

त्याच्याही आधी उद्याच एक गोष्ट करून बघा. फळ्यावर ८ + ४ = □ + ५ एवढंच लिहा आणि चौकटीत काय येईल ते प्रत्येकाला आपापल्या वहीत लिहायला सांगा, एकमेकांचं न बघता. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हेच विचारलं होतं. त्या सगळ्यांनी १२ नाहीतर १७ लिहिलं, ७ कुणीच लिहिलं नाही. तुमच्याकडंही बरीचशी उत्तरं १२ च येतील. कारण पहिलीपासून मुलांनी = या खुणेचा एकच अर्थ धरलेला असतो, 'आता उत्तर लिहा'. डावीकडं जेवढं आहे तेवढंच उजवीकडं आहे, हा अर्थ त्यांच्या डोक्यात बसलेलाच नसतो. तो बसल्याशिवाय समीकरण म्हणजे नुसती खुणांची हलवाहलव राहते.

यात आपलाही हात असतो. फळ्यावर आपण भराभर लिहून जातो: १२ × ५ = ६० + ३० = ९० ÷ २ = ४५. उत्तर बरोबर, पण लिहिलेलं साफ चूक. १२ × ५ हे ४५ कसे होतील? असं एकदाही लिहू नका आणि मुलांच्या वहीत दिसलं तर उत्तर बरोबर असलं तरी तिथं गोल करा. प्रत्येक ओळ स्वतंत्र लिहायला लावा. त्यासोबत चूक-बरोबर ओळखायला द्या: ७ + ६ = ६ + ७, १५ = १०, ९ = ९, २० = ४ × ५, ३ + ८ = ११ + २. '९ = ९' बघून मुलं हमखास अडतात, "यात गणित कुठाय?" म्हणतात. अडू द्या, बोलू द्या. ही खूण रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या गणितज्ञानं १५५७ मध्ये वापरली आणि दोन समांतर सारख्या रेघांइतकं सारखं दुसरं काही असू शकत नाही, असं कारण दिलं, हे मुलांना सांगा. त्यांच्या लक्षात राहतं.

आता मांडणीकडं. एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. वर्गात मी विचारलं होतं: आईनं सकाळी काही विड्या वळल्या, दुपारी सकाळपेक्षा २०० जास्त वळल्या, दिवसभरात १००० झाल्या, तर सकाळी किती? एका मुलीनं पेन न उचलता सांगितलं, चारशे. कसं काढलंस म्हटल्यावर म्हणाली, "ते दोनशे बाजूला ठेवले सर. आठशे उरले. त्याचे दोन सारखे वाटे." मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि तिच्या वाक्याशेजारी वाक्य लिहीत गेलो. सकाळच्या विड्या स. दुपारच्या स + २००. दोन्ही मिळून स + स + २०० = १०००. 'दोनशे बाजूला ठेवले' याच्यासमोर २स = ८००. 'दोन सारखे वाटे' याच्यासमोर स = ४००. तिनं तोंडी जे केलं तेच बीजगणित होतं, फक्त त्याला अक्षर लावलेलं नव्हतं.

म्हणून शाब्दिक उदाहरण दिलं की लगेच 'समजा क्ष' म्हणू नका. आधी मुलाला ती गोष्ट त्याच्या शब्दांत सांगू द्या, तेलुगूत सांगितली तरी चालेल. शेजारच्या मुलाला ती कळली का ते बघा. मग तीन प्रश्न विचारा: काय माहीत नाही? कोणत्या दोन गोष्टी सारख्या आहेत? त्यातली प्रत्येक गोष्ट अक्षर वापरून कशी लिहिशील? यातला मधला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे आणि तोच आपण कधी विचारत नाही. 'काय काय सारखं आहे' हे सापडलं की = ची जागा सापडते आणि दोन बाजू आपोआप भरतात.

'एकूण' दिसलं की बेरीज आणि 'उरले' दिसलं की वजाबाकी, असली खूणगाठ मात्र मुलांना अजिबात देऊ नका. गाईडांत ती असते, आणि तिनंच घात होतो. 'गड्ड्याच्या यात्रेत ६० रुपये खर्च केले, ४० उरले, तर निघताना खिशात किती होते?' यात 'उरले' आहे आणि उत्तर बेरजेनं येतं. मुलानं गोष्ट जशी घडली तशी लिहिली, म्हणजे क्ष − ६० = ४०, तर त्याला मिळवायचं का वजा करायचं हे विचारावंच लागत नाही. तुमच्या मुलांचा तो प्रश्न येतो तो यामुळंच: ती उत्तराची क्रिया शोधतात, गोष्टीतली क्रिया लिहीत नाहीत. 'पेक्षा'चंही तसंच. 'क्ष पेक्षा ५ ने कमी' आणि '५ मधून क्ष कमी' यातला फरक रोज दोन-चार वाक्यांनी पक्का करून घ्या. क्ष − ५ आणि ५ − क्ष समोरासमोर लिहून, क्ष च्या जागी २ ठेवून बघायला लावा.

अक्षराबद्दल एक जास्तीची काळजी. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूंची संख्या. हे विसरलं की काय होतं बघा. 'एक कामगार ४ माग सांभाळतो' हे म आणि क वापरून लिहा म्हटलं की निम्मा वर्ग ४म = क लिहितो, कारण ते 'चार माग, एक कामगार' असं वाचतात. हे नुसत्या लहान मुलांचं नाही. एका प्राध्यापकामागं सहा विद्यार्थी, याच धर्तीचा प्रश्न १९८० च्या सुमारास अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुलांना विचारला होता, तेव्हा ३७ टक्के चुकले. उपाय सोपा आहे: आकडे ठेवून बघा. ३ कामगार असतील तर माग १२. मग ४ × १२ = ३ होतात का? नाही. म = ४क मध्ये ठेवा, १२ = ४ × ३, जमलं. 'म म्हणजे मागांची संख्या' हे पूर्ण वाक्य प्रत्येक उदाहरणाच्या वर लिहायची सवय लावा. नुसतं 'म = माग' चालवून घेऊ नका.

सोडवण्याकडं वळाल तेव्हा पहिल्यांदा किमती ठेवून बघू द्या. यात कमीपणा काही नाही. उकल म्हणजे काय हे त्यातूनच कळतं. मग दोन्ही बाजूंवर सारखीच क्रिया करायची, तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखंच काढायचं किंवा सारखंच टाकायचं तशी. प्रत्येक ओळीत ती क्रिया लिहून दाखवायची: ३क्ष + ५ − ५ = २० − ५. लांब वाटतं, पण महिनाभर तरी सोडू नका.

आणि 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य जितकं उशिरा सांगता येईल तितकं उशिरा सांगा. कुणीतरी घरी सांगितलेलंच असतं, हे मला माहीत आहे. पण अर्थाशिवाय आलेला तो नियम काय करतो, हे वह्यांत दिसतं. ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९. किंवा हुशार मूल असेल तर क्ष = १२ ÷ (−३) = −४, कारण 'चिन्ह बदलतं ना सर'. ज्या मुलानं दोन्ही बाजूंना ३ ने भागलंय ते ही चूक करत नाही. पुढं मूल स्वतःहून म्हणतं की सर, मधली ओळ लिहायची गरज नाही, तेव्हा तो नियम त्याचा झाला. मग खुशाल वापरू द्या.

वजा होणारी संख्याच माहीत नसते, तिथं हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला, किलोला १ रुपया भाव मिळाला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात २ रुपयांचा चेक पडला. बातमी देशभर गाजली होती. मुलांना विचारा, कापले किती? पैसे सोडून दिले तर ५१२ − ख = २. इथं पाठ केलेला नियम वापरणारी मुलं ख = −५१० वर येऊन थांबतात. दोन्ही बाजूंत ख मिळवला की ५१२ = २ + ख, आणि ख = ५१०. मग थोडं थांबून त्या पट्टीबद्दलही, म्हणजे शेतकऱ्याला मिळालेल्या विक्रीच्या हिशेबाबद्दलही बोला. ज्यांचे मामा-काका शेतकरी आहेत ती मुलं बोलतात, आणि हे आकडे कुणाच्या घरातले आहेत हे वर्गाला कळतं.

आठवीच्या मुलांसाठी दोन्ही बाजूंना अक्षर असलेलं एक फार सुंदर उदाहरण भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'बीजगणित' या ग्रंथात आहे. एकाकडं ६ घोडे आणि ३०० रुपये, दुसऱ्याकडं १० घोडे आणि १०० रुपये कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत काय? (अज्ञात संख्येला ते यावत्तावत् म्हणत, आपण क्ष म्हणू.) ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. आधी तक्ता करायला लावा. किंमत ५० धरली तर ६०० आणि ४००. ८० धरली तर ७८० आणि ७००. फरक २०० वरून ८० वर आला. किंमत ३० ने वाढली आणि फरक १२० ने घटला, म्हणजे रुपयामागं ४ ने. का चारनंच? कारण दुसऱ्याकडं ४ घोडे जास्त आहेत. हे मुलांच्या लक्षात येतं तेव्हा दोन्हीकडून ६क्ष काढल्यावर उरणारं ४क्ष कुठून आलं, हे वेगळं समजवावं लागत नाही. ४००  = ४क्ष, किंमत १००, दोघांची संपत्ती ९००. विडीच्या उदाहरणासारखं उलट्या पावली जाऊन हे सुटत नाही, कारण अज्ञात = च्या दोन्ही बाजूंना आहे. म्हणून समीकरण लिहायची खरी गरज मुलांना इथं पटते. तराजूचं चित्रही इथं तोकडं पडतं, उणे १०० चं वजन पारड्यात कसं ठेवणार? तिथं कर्जाचीच भाषा वापरा, ती मुलांना घरून माहीत असते.

ताळा समीकरणात करू नका, मूळ गोष्टीत करा. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्यातला ताळा बिनचूक येतो आणि उत्तर तरीही चूक असतं. सकाळी ४००, दुपारी ६००, मिळून हजार, असं वाक्य वहीत लिहून घ्या.

घरचा अभ्यास म्हणून वीस समीकरणं सोडवायला देण्यापेक्षा एक समीकरण द्या आणि त्यावर गोष्ट लिहून आणायला सांगा. ३क्ष + १० = १०० दिलं तर कुणी तीन टॉवेल आणि दहाची पिशवी लिहील, कुणी रिक्षाचं भाडं. ज्याची गोष्ट समीकरणाशी जुळत नाही त्याचं नेमकं कुठं अडलंय हे तुम्हाला एका नजरेत कळेल. दहा मुलांच्या दहा गोष्टी तपासायला वीस मिनिटं पुरतात.

अपूर्णांकांची समीकरणं तूर्त बाजूला ठेवा. आठवीच्या मुलांना ती लागणारच, पण आधी हे पक्कं होऊ द्या. आणि ८ + ४ = □ + ५ ला तुमच्या मुलांनी काय काय लिहिलं ते इथं जरूर कळवा, त्यावरून कुणाला कुठून सुरुवात करायची ते नेमकं सांगता येईल.