मागचा फोटो राहिला, मॅडम!

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघं महाबळेश्वरला जाणार होतो. हॉटेलने पाठवलेल्या लिंकवर माझ्या क्रेडिट कार्डाने ११,४०० रुपये भरले. निघायच्या आठ दिवस आधी सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि बेत बारगळला. हॉटेलवाले सगळे पैसे परत द्यायला तयार आहेत. पण रिसेप्शनवरच्या मुलाने व्हॉट्सॲपवर कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. पुढचा मी पाठवला. मागचा पाठवणार तेवढ्यात लेक ओरडली. आता त्याचा रोज मेसेज येतो, ‘मॅडम, मागचा राहिला.’ पाठवू का? नाही पाठवला तर पैसे अडकतील?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नका पाठवू. आणि लेकीला माझ्यातर्फे एक वडापाव.

फोर्टमधल्या एका बँकेत कार्डांच्या काउंटरवर माझी २२ वर्षं गेली. एक काका कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून आणायचे, तोही देवनागरी आकड्यांत. म्हणायचे, ‘चोराला मराठी कुठे येतंय?’ तेव्हापासून कोण काय पाठवतं याचं मला नवल वाटत नाही.

पैसे भरताना कार्ड नंबर, मुदत, सीव्हीव्ही (बहुतेक कार्डांच्या मागे छापलेला छोटा गुप्त नंबर), ओटीपी लागतो, कारण समोर तुम्हीच आहात याची बँकेला खात्री हवी असते. परत येताना यातलं काहीच लागत नाही. हॉटेल ज्या पेमेंट कंपनीची लिंक वापरतं, तिच्या पोर्टलवर तुमचा व्यवहार तारीख-रकमेसकट पडलेला असतो. तिथून रिफंड केला की पैसे त्याच कार्डावर येतात. मला विचाराल तर तो मुलगा चोर नसावा. त्याच्याकडे पोर्टलचा पासवर्ड नाही आणि कुणीतरी सांगितलं ते तो मागतोय, इतकंच. पण तो फोन काउंटरवर पडून असतो, शिफ्टगणिक वेगळ्या हातात जातो आणि फोटो गॅलरीत तसाच राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन व्यवहारातला पूर्ण कार्ड नंबर व्यापाऱ्याने साठवायचाच नाही. शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं. मग व्हॉट्सॲपवर अख्खं कार्ड कशाला?

आता पाठवलेल्या फोटोचं. अजून होत असेल तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा, पण त्यावर विसंबू नका. तुमच्या कार्डावर पुढच्या बाजूला काय काय छापलंय ते आधी बघा. काही नव्या कार्डांवर नंबर, मुदत, सीव्हीव्ही सगळं एकाच बाजूला असतं. परदेशातल्या काही साइट ओटीपी विचारतही नाहीत. म्हणून आजच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन वापर बंद करा, मग कार्ड ब्लॉक करून नवं मागवा. नंबर बदलला तरी कार्डाचं खातं तेच राहतं, त्यामुळे जुन्या नंबरावरचा रिफंडही तिथेच जमा होतो. बँकेला फोन करून तेवढी खात्री करून घ्या.

हॉटेलला लिहा : ‘अमुक तारखेला ११,४०० रुपये भरले, बुकिंग नंबर अमुक, कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक. मूळ व्यवहारावरच रिफंड करा आणि एआरएन कळवा.’ हा एआरएन म्हणजे २३ आकडी नंबर. तो हाती असला की पैसे कुठवर आलेत हे तुमची बँक शोधू शकते. नाहीतर ‘आम्ही केव्हाच पाठवले’ आणि ‘आमच्याकडे आलेच नाहीत’ यांच्यामध्ये तुम्ही लटकता. रिफंड टाकल्यावर साधारण पाच-सात कामाचे दिवस धरा.

खात्यात पाठवतो म्हणाले, तर खाते नंबर आणि आयएफएससी खुशाल द्या. मात्र ‘हेड ऑफिस’मधून कुणी फोन करून ओटीपी मागितला, स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं किंवा यूपीआय पिन घालायला सांगितला, तर फोन ठेवा. यूपीआयने पैसे घ्यायला पिन लागतच नाही. ओटीपीचा मेसेज अख्खा वाचा. रक्कम कुणाला जातेय ते त्यातच लिहिलेलं असतं. चुकून पैसे गेलेच, तर आधी बँकेला कळवा, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

आणि हो, मधल्या काळात कार्डाचं बिल आलं, तर रिफंडच्या भरवशावर ते थकवू नका. भरून टाका. मागाहून आलेले ११,४०० पुढच्या बिलात वळते होतील.