छोटा कॅमेरा, मोठा सेन्सर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे एक इंची सेन्सरचा, झूम असलेला खिशात मावणारा कॅमेरा आहे. रात्रीचे फोटो फार दाणेदार येतात. एपीएस-सी सेन्सरचा रिको जीआर ३ घेतला तर कितपत फरक पडेल?

उत्तर: फरक पडेल, पण सेन्सरची मापं वाचून वाटतो तेवढा नाही. एक इंची सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी असतो, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ तिपटीहून जास्त, म्हणजे दीड स्टॉपहून थोडा अधिक फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). आता लेन्स पाहा. जीआर ३ ची लेन्स एफ २.८ ची आहे (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो). एक इंची कॅमेऱ्यांत बऱ्याच लेन्स रुंद टोकाला एफ १.८ असतात. मिळवलेल्या फायद्यातला सव्वा स्टॉप इथेच जातो. हिशेब सोपा आहे: एफच्या आकड्याला सेन्सरच्या क्रॉप फॅक्टरने, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा सेन्सर किती पट लहान आहे त्या आकड्याने, गुणायचं. १.८ × २.७ म्हणजे ४.९, आणि २.८ × १.५ म्हणजे ४.२. आकडा जितका लहान तितकं चांगलं, आणि या दोहोंत अर्ध्या स्टॉपचंही अंतर नाही. फुजीफिल्म एक्स १०० मालिकेची लेन्स एफ २ आहे. तिचा आकडा ३ येतो आणि फायदा जवळजवळ दीड स्टॉपवर जातो. म्हणून आमचा आग्रह असा, की कॉम्पॅक्ट घेताना सेन्सर आणि लेन्स कधीही वेगवेगळे तोलू नका. ही लेन्स पुढे बदलता येणार नाही.

मोठ्या सेन्सरची खरी कमाई दिवसा दिसते. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वर काढलेल्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये सावल्या उजळल्या तरी त्या स्वच्छ राहतात, ढगांतला तपशील वाचतो.

खरेदीआधी एक करा. रात्रीच्या फोटोंची माहिती उघडून शटरचा वेग पाहा. इमारत, रस्ता असा स्थिर विषय १/१२५ ला टिपला गेला असेल, तर स्थिरीकरण चालू ठेवून १/१५ वर या. तीन स्टॉप फुकट मिळतात आणि आयएसओ ६४०० वरून ८०० वर येतो. माणसं हलती असतील तर मात्र हा उपाय नाही.

प्रश्न: जीआर ३ ला झूम नसल्याने अडतं का?

उत्तर: अडतं. जीआर ३ ची लेन्स २८ मिमी समतुल्य आहे, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर २८ मिमीची लेन्स दाखवेल तेवढं रुंद दृश्य दाखवते. कॅमेऱ्यातला क्रॉप (कडा कापून मधला भाग ठेवणं) वापरला तर २४ मेगापिक्सेलचे ३५ मिमीला सुमारे १५ आणि ५० मिमीला सुमारे ७ उरतात. ३५ चा क्रॉप बिनधास्त वापरा, ५० चा गरजेपुरता. तुमच्या जुन्या फोटोंपैकी बहुतेक ७० मिमीच्या पुढचे असतील तर हा कॅमेरा तुमच्यासाठी नाही. ४० मिमीच्या आसपासचे जास्त असतील तर जीआर ३एक्स बघा.

प्रश्न: लेन्स निघत नाही, तरी आकाशात एकाच जागी काळपट ठिपका येतो. लेन्स पुसूनही जात नाही.

उत्तर: तो सेन्सरवरच्या धुळीचा आहे. समोरच्या काचेवरची धूळ फोटोत जवळजवळ उमटतच नाही. कॅमेरा चालू-बंद करताना लेन्सची नळी आत-बाहेर होते, तेव्हा फटीतून हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर खिशातले तंतूही.

खात्री करायला अ‍ॅपर्चर एफ १६, आयएसओ सर्वांत कमी आणि फोकस हाताने अनंतावर ठेवा. पांढरा कागद जवळ धरा आणि शटर उघडं असताना कॅमेरा किंचित हलवा. कागदावरचे डाग पुसट होतील. सेन्सरवरचा ठिपका जागचा हलणार नाही. तोच फोटो एफ २.८ ला घेतला तर ठिपका बहुधा नाहीसा होईल, कारण रुंद अ‍ॅपर्चरमधून प्रकाश अनेक कोनांतून येतो आणि धुळीची सावली पसरून जाते. तेव्हा आकाश टिपताना एफ ५.६ च्या पलीकडे जाऊ नका.

जीआर ३ मध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय आहे, ती आधी करून पाहा. नळीच्या फटीत ब्लोअरने हवा मुळीच मारू नका. धूळ आणखी आत जाते. थरथरवूनही भागलं नाही तर कॅमेरा सर्व्हिस सेंटरमध्ये उघडून घ्यावा लागेल. या प्रकारच्या कॅमेऱ्यांचा हा सगळ्यांत मोठा दोष आहे, आणि जाहिरातीत तो कुठे लिहिलेला नसतो. एक्स १०० ची लेन्स आत-बाहेर होत नाही, त्यामुळे हा धोका कमी. मात्र तो कॅमेरा खिशात मावत नाही.

प्रश्न: या कॅमेऱ्यांवर भर उन्हात फ्लॅश चांगला चालतो, असं म्हणतात. का?

उत्तर: यांचं शटर लेन्समध्येच असतं, पाकळ्यांचं. ते उघडलं की अख्ख्या सेन्सरवर एकदम प्रकाश पडतो, म्हणून १/१००० लाही फ्लॅश जुळतो. सेन्सरसमोर पडदा असलेल्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० ते १/२५० च्या आसपास असते. १/१००० वर ऊन दोन स्टॉपने कमी होतं, फ्लॅशचा प्रकाश तेवढाच राहतो. फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवू नका; त्याचा झोत लांबतो आणि शेवटचा भाग शटर कापतं. अर्ध्या किंवा पाव ताकदीवर ठेवा, इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

या पाकळ्यांची एक अडचण आहे: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना सर्वाधिक वेग मिळत नाही. तिथे आतला एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, कामी येतो. जीआर ३ मध्ये तो दोन स्टॉपचा आहे, एक्स १००व्हीमध्ये चार स्टॉपचा.

प्रश्न: जीआर ३ ची बॅटरी दिवसभर पुरेल?

उत्तर: नाही. प्रमाणित चाचणीत ती सुमारे २०० फोटोंची आहे. जवळ दोन जादा बॅटऱ्या ठेवा.