पहिल्या तारखेला पैसे आले नाहीत तर?

तिशीतली मुलं-मुली हल्ली एकच प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात. ‘नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करावं म्हणतोय, पण काम मिळालं नाही तर?’ कोविडच्या काळात पुण्याच्या, बंगळुरूच्या कंपन्यांचा लॅपटॉप घेऊन ही मंडळी सोलापुरात परतली. आता कंपनी ऑफिसला बोलावतेय, आणि दरम्यान मुलाची शाळा, घराचा हप्ता, आई-वडिलांची दुखणी असं सगळं इथेच रुजलंय. त्यातल्या एकीचा अनुभव तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती ग्राफिक डिझायनर. नवरा पतसंस्थेत नोकरीला, मुलगी पहिलीत, राहायला जुळे सोलापूर. पुण्याच्या कंपनीने आठवड्यातून तीन दिवस हजर राहण्याचं पत्र दिलं होतं. रात्री झोप लागत नव्हती, छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, म्हणून ती माझ्याकडे आली.

पहिल्या भेटीत तिने लॅपटॉप उघडला. व्यवसायाचं नाव, लोगो, व्हिजिटिंग कार्ड, वेबसाइटची पानं, सगळं देखणं तयार होतं. मी विचारलं, ‘घरात तुझ्याकडून महिन्याला किती जातात?’ तिला नेमकं सांगता येईना. ‘हप्ता, शाळा... वीस-पंचवीस हजार असतील, मॅडम.’

मला हे फार जणांत दिसतं. भीती मोठी असते, पण तिला आकडा नसतो. आणि आकडा नसलेली भीती रात्री कितीही मोठी होऊ शकते. ‘आवडीचं काम कर, पैसा आपोआप येईल’ असं तरुण मुलांना सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्या सल्ल्याची किंमत सांगणारा मोजत नाही. मी तिला एवढंच सांगितलं की मागच्या तीन महिन्यांचं पासबुक घेऊन बस आणि तुझ्या खात्यातून घरासाठी गेलेला प्रत्येक रुपया लिहून आण.

दुसऱ्या भेटीत कागद आला. घरातला तिचा वाटा २४,००० रुपये. त्यात आम्ही भर घातली. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा सुटतो, त्यामुळे स्वतःच्या विम्याचे महिन्याला १,५०० धरले. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं भाडं आणि इंटरनेटचे २,५००. लॅपटॉप कधीतरी बदलावा लागणार, त्याचे २,०००. झाले ३०,०००. कोरड्या महिन्यांसाठी बाजूला टाकायचे ६,०००. एकूण ३६,०००.

मग दिवस मोजले. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. महिन्याचे पंचवीस दिवस काम केलं तरी पंचवीस दिवसांचे पैसे मिळत नाहीत. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, भेटणं, कोटेशन पाठवणं, फोन, दुरुस्त्या, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा, मुलीचा ताप, यातच निम्मे दिवस जातात. आम्ही बारा दिवस धरले. ३६,००० भागिले १२, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये.

ती हसली नाही, घाबरली. ‘सोलापुरात कोण देणार एवढे?’

मी विचारलं, ‘आतापर्यंत बाहेरची कामं किती रुपयांत केलीस?’ नोकरीच्या आधी, कॉलेजात असताना, मामांच्या ओळखीतल्या एका टॉवेल कारखानदाराचा सोळा पानांचा कॅटलॉग तिने केला होता. चार दिवस राबून ४,००० ठरले, त्यातले २,००० आजतागायत आलेले नाहीत. नात्यातल्या लग्नपत्रिका, दुकानांचे लोगो तर पाचशे-पाचशेत, काही ‘घरचंच काम’ म्हणून फुकट. तोच कॅटलॉग आजच्या हिशोबाने १२,००० रुपयांचा होतो.

हे बोलताना तिचा आवाज खाली गेला होता. तिचं काम चांगलं आहे, हे तिलाही माहीत होतं. तिची धडधड काम मिळण्या-न मिळण्यापेक्षा पैसे मागण्यापाशी येऊन थांबत होती. ओळखीतून मिळालेल्या कामाचे पैसे मागणं तिच्या घरात उद्धटपणा मानला जायचा. हे कळल्यावर आमच्या भेटींची दिशा बदलली. मी कारखानदार व्हायची, ती दर सांगायची. ‘अगं, आपलीच माणसं आपण, बघू की दिवाळीला,’ असं मी म्हणायची, आणि तिने न हसता, न माफी मागता म्हणायचं, ‘काका, निम्मे आगाऊ आले की मी सुरुवात करते.’ पहिल्यांदा वाक्य अर्ध्यात तुटलं. नंतर पुरं झालं, तरी शेवटी ‘चालेल ना?’ आलंच. ते ‘चालेल ना?’ जायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दर सांगून गप्प बसणं ही सवय आहे आणि ती लावून घेता येते.

घरातला विरोध तिच्या वडिलांचा होता. ‘कायमची नोकरी सोडतेस?’ म्हणून त्यांनी बोलणं टाकलं होतं. मी त्यांना बोलावून घेतलं. ते गिरणी कामगार. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा ही पोरगी कडेवर होती. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी रिक्षा चालवली. सोलापुरातल्या त्या पिढीला ‘कायम’ या शब्दाचा केवढा आधार होता आणि तो कसा निसटला, हे इथे राहणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. मी त्यांना समजवायला गेलेच नाही. मला त्यांच्याकडून शिकून घ्यायचं होतं. ‘अप्पा, रिक्षाला पगार नव्हता. मग घर कसं चालवलंत?’

अप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. मग सांगू लागले. रोज संध्याकाळी पिग्मीवाला यायचा, धंदा झालेला असो नसो, त्याच्या हातात ठरलेली रक्कम पडायचीच. गड्ड्याच्या यात्रेत कमाई चांगली व्हायची, पण घरात खर्चाला तेवढेच पैसे द्यायचे, जेवढे पावसाळ्यात देता येतील. वरचे पैसे बायकोला दिसायचेही नाहीत. टायर, पासिंग, इन्शुरन्स यांचा डबा वेगळा. आणि स्टेशनवर एकाच कंपनीच्या साहेबांना सोडायचं काम कितीही बरं असलं, तरी शाळेच्या मुलांची सकाळची फेरी त्यांनी कधी सोडली नाही. ‘साहेबाची बदली झाली तर काय करणार?’

लेक ऐकत होती. तिने हे बालपणी रोज पाहिलं होतं, पण नियोजन म्हणून कधी ऐकलं नव्हतं. तिच्या व्यवसायाचा आराखडा आम्ही त्या दिवशी अप्पांच्या बोलण्यावरून लिहिला. दोन खाती उघडायची. कामाचे सगळे पैसे एका खात्यात, आणि त्यातून दर पहिल्या तारखेला घरच्या खात्यात ठरलेला ‘पगार’, चांगल्या महिन्यातही तेवढाच. कुठल्याही एका पार्टीकडून निम्म्याहून जास्त कमाई होऊ द्यायची नाही. गणवेशवाल्यांची नमुन्यांची, कॅटलॉगची घाई जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधी असते, तर चादर-टॉवेलवाल्यांना लेबलं आणि बॉक्स लागतात ते सणासुदीच्या आधी. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, ते लेबलवर नीट मांडून देणारं माणूस गावातच असेल तर कारखानदाराला हवंच असतं. मधले महिने भरायला पुण्याची, हैदराबादची दोन-तीन कामं.

कागदपत्रांची तिला धास्ती होती, ती मात्र लवकर सुटली. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची होते. ती त्याच्या जवळपासही नव्हती. कंपन्या व्यावसायिक फीमधून १० टक्के टीडीएस (आयकर) कापतात. तो बुडत नाही, विवरणपत्र भरलं की हिशोबात येतो, जास्तीचा परत मिळतो. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, ती मी पहिल्याच आठवड्यात करायला लावते. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, पुढे व्याज लागतं. ‘दिवाळीला बघू’वर एवढं उत्तर हाताशी असलेलं बरं. बाकीचं तिने ओळखीच्या सीएला विचारलं.

राजीनामा मात्र मी लांबवायला सांगितला. शिल्लक होती १,१०,००० रुपये. महिन्याला ३०,००० प्रमाणे सहा महिन्यांचे म्हणजे १,८०,००० हवेत, आणि पीएफला हात लावायचा नाही. तिच्या नेमणूकपत्रात नोकरीत असताना बाहेरचं काम घ्यायला मनाई होती, त्यामुळे तिने या काळात कामं घेतली नाहीत. कारखानदारांना भेटली, जुने कॅटलॉग पाहिले, कुणाला कधी काय लागतं ते वहीत लिहिलं. आठवड्याचे तीन दिवस पुणं, हुतात्मा एक्स्प्रेसने ये-जा, ही दगदग तिने काही महिने सोसली. झोप याच काळात परत आली. नोकरी होती तीच, पण आता तारीख आणि आकडा दोन्ही तिच्या हातात होते.

तिने राजीनामा दिला मार्चमध्ये. एप्रिल-मे बरे गेले, जुलैत फक्त एक काम. त्या महिन्यात तिचा फोन आला. मला वाटलं धडधड परतली. ती म्हणाली, पहिल्या तारखेचा ‘पगार’ घरच्या खात्यात गेलाय, दुसऱ्या खात्यात अजून दोन महिन्यांचे आहेत. तिला विचारायचं वेगळंच होतं. तोच जुना टॉवेल कारखानदार नवा कॅटलॉग करून मागतोय, जुने २,००० अजून बाकी आहेत, आणि मध्ये मामा आहेत.

आम्ही ठरवलं की नव्या कोटेशनच्या पहिल्याच ओळीत ‘मागील बाकी २,०००’ लिहायचं, खाली १२,००० आणि निम्मे आगाऊ, आणि मामांना ते पाठवण्याआधी स्वतः फोन करून सांगायचं. मामा दोन दिवस फुगून होते. कारखानदाराने ८,००० आणून दिले आणि विचारलं, बॉक्सचं डिझाइनही करणार का.